बारा व्होल्टाला काय भ्यायचं? : मोटार तपासून झाल्यावर बॅटरी, मीटर सोडायचे कसे



गोष्ट आमच्याच विहिरीवरची आहे. चुलत्यांची दहा हॉर्सपॉवरची मोटार जळाली होती, ती रिवाइंडिंग होऊन आली. पण येताना वायरींवरच्या खुणेच्या चिठ्ठ्या वाटेत कुठेतरी गळून पडल्या. सहा वायरी समोर लोंबत होत्या. कुठली कुणाची जोडी, कुठले टोक सुरुवातीचे आणि कुठले शेवटचे, काही कळेना. मिस्त्रींनी ट्रॅक्टरची बॅटरी मागवली, सुईचा मीटर काढला आणि टोके शोधायला बसले. मेन स्विच बंद केलेला, फ्यूज काढून खिशात ठेवलेले. इथपर्यंत सारे रीतसर झाले.

एका जोडीला बॅटरी लावायची, दुसऱ्या जोडीवर मीटरची सुई कुठल्या बाजूला उडते ते बघायचे, अशी ही जुनी पद्धत. मिस्त्रींनी वायरीची उघडी टोके दोन्ही हातांच्या बोटांनीच बॅटरीवर दाबून धरली होती. सुई उडाली, त्यांनी बघितली आणि एक वायर उचलली. त्याच क्षणी असा झटका बसला, की गडी मागे फेकला गेला. पाठीमागे पाइपांची थप्पी होती म्हणून वाचले. तीन हात पलीकडे विहीर होती.

तात्यांनी विचारले, "अहो मिस्त्री, मेन बंद, फ्यूज तुमच्या खिशात, मग करंट आला कुठून?"

मिस्त्री कोपर चोळत म्हणाले, "तात्या, तेच तर कळंना. बारा व्होल्टाला काय भ्यायचं म्हणून हात लावला!"

तात्यांचा प्रश्न अगदी बिनतोड आहे. त्याचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे, कारण आज गावात मोटार नाही असे शिवार नाही आणि मोटार कधी ना कधी तपासावी लागतेच.

पाण्याचा धक्का आठवा

नदीवरून लांबची पाइपलाइन आणलेल्यांना ही गोष्ट सांगावी लागणार नाही. मोटार पूर्ण जोरात चालू आहे, दोन हजार फूट पाइपातून पाणी धावते आहे आणि अचानक लाइट गेली, किंवा कुणी व्हॉल्व्ह एकदम आवळला, तर काय होते? पाइपात धाडकन आवाज होतो. कधी जोड निखळतो, कधी पाइपच फुटतो. पंपाचा दाब तर तेवढा नव्हता. मग एवढा दाब आला कुठून? तो धावत्या पाण्याच्या रेट्यातून आला. धावणारे पाणी एकदम थांबायला तयार नसते. जितके एकदम अडवाल, तितका धक्का मोठा.

तारेच्या गुंडाळीत करंटचे असेच आहे. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेचे शेकडो वेढे घातले आणि त्यातून करंट सोडला, की गाभ्यात चुंबकत्व तयार होते आणि त्यात ऊर्जा साठते. करंट एकदम तोडला, की ते चुंबकत्व कोसळते आणि कोसळताना त्याच गुंडाळीत उलटा व्होल्टेज उभा करते. करंट जितक्या झटकन तुटेल, तितका व्होल्टेज मोठा. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी हा धक्का काहीशे व्होल्टचा असू शकतो. आणि वायर तोडताना बोटे दोन्ही टोकांवर असली, तर तुटलेल्या करंटला वाट मिळते ती तुमच्या अंगातून.

हा शोध काही नवा नाही. इंग्लंडमध्ये मायकेल फॅराडेने १८३१ मध्ये चुंबकापासून वीज निर्माण होते हे दाखवले. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीने १८३२ मध्ये लिहून ठेवले, की लांब तारेतला करंट तोडला की ठिणगी जोरात उडते. गुंडाळीचा हा गुण मोजण्याच्या मापाला आजही 'हेन्री' असेच म्हणतात.

आणि हा धक्का तुम्ही रोज कामाला लावत आलेले आहात. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर फडफडतो, तेव्हा तो चोकमधला करंट तोडतो आणि चोकच्या धक्क्याने ट्यूब पेटते. जुन्या पॉइंटवाल्या मोटारसायकलीत पॉइंट उघडला, की कॉइलमधून हजारो व्होल्ट प्लगला जातात. चालू गाडीच्या प्लगच्या टोपीला ज्याने हात लावला आहे, त्याला 'बॅटरी किती व्होल्टची' हे विचारण्यात अर्थ नसतो!

गुंडाळी कुठे कुठे असते?

पंपाची मोटार, स्टार्टरमधली कॉइल, वेल्डिंगचे मशीन, चोक, डीपी म्हणजे रोहित्र, मीटरपेटीतला सीटी, ही सारी गुंडाळीची मंडळी. यापैकी कशालाही बॅटरी, मीटर किंवा तपासणीचे यंत्र जोडले, की एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जोडताना जितकी काळजी घेता, त्याहून जास्त सोडताना घ्यावी. आपल्याकडे बहुतेक लोक जोडताना सावध असतात. "झालं काम" म्हणून वायरी ओढताना मात्र बेसावध होतात, आणि तिथेच घात होतो.

सहा वायरींची परीक्षा अशी करा

स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालणाऱ्या मोटारीची टोके शोधण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. पण ते नीट होते आहे की नाही, हे मालकाने उभे राहून पाहावे. क्रम असा :

१) मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. आधी चालू लाइनवर टेस्ट लॅम्प लावून तो चांगला आहे याची खात्री करा. मग मोटारीच्या वायरींवर लावून बघा. दिवा न लागला म्हणजे लाइट नाही असे नव्हे, दिवाही गेलेला असू शकतो. म्हणून ही आधीची खात्री.

२) मोटारीच्या वायरी स्टार्टरपासून सोडवून मोकळ्या करा.

३) बॅटरी नुसत्या हाताने टेकवू नका. पक्क्या पकडीच्या क्लिपा लावा आणि मधे एक खटका आणि एक फ्यूज घाला. करंट तोडायचा तो खटक्याने. क्लिप ओढून किंवा वायर उचलून कधीही नाही.

४) खटका दाबण्यापूर्वी आणि सोडण्यापूर्वी मोठ्याने सांगा, "हात काढा!" कुणाचाही हात उघड्या टोकांवर नको. ज्या दोन जोड्यांना बॅटरी लावलेली नाही, त्यांच्या टोकांवरही नको. त्यांच्यातही धक्का उमटतो. खटका सोडताना मीटरची सुई उलट्या बाजूला उडते ना, तोच हा धक्का. सुईला जो दिसतो, तो बोटांनाही लागतो.

५) बॅटरी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ चालू ठेवू नका. सुई उडते ती खटका दाबताना आणि सोडतानाच. मधल्या वेळात नुसती गुंडाळी तापते आणि बॅटरी उतरते.

६) खटका सोडून, सुई शून्यावर स्थिर झाल्यावरच क्लिपा काढा. काढताना प्लॅस्टिकच्या मुठीला धरा आणि एका वेळी एकच क्लिप काढा. दुसरा हात मोकळा ठेवा.

७) हे सारे विहिरीच्या कठड्यावर बसून करू नका. मोटार काठापासून लांब, कोरड्या जागी घ्या. कित्येकदा झटक्याने माणूस दगावत नाही, झटक्याने दचकून पडल्यामुळे दगावतो.

डायोडची युक्ती

रिवाइंडिंगच्या दुकानदारांसाठी एक स्वस्त युक्ती सांगतो. गुंडाळीच्या दोन टोकांना आडवा एक डायोड लावावा, त्यावरची पट्टी बॅटरीच्या प्लसकडे. बॅटरी चालू असताना तो काही करत नाही. खटका सोडला, की गुंडाळीतल्या करंटला फिरायला वाट देतो. म्हणजे व्हॉल्व्ह आवळताना पाण्याला बाजूची वाट काढून दिल्यासारखेच. धक्का शेकड्यात न जाता एक व्होल्टच्या आसपास राहतो. डायोड उलटा लावला तर बॅटरी शॉर्ट होईल, म्हणून फ्यूज हवाच. आणि डायोड चाचणीच्या करंटच्या मानाने दांडगा असावा.

पण इथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. डायोड लावल्यावर करंट एकदम मरत नाही, हळूहळू विझतो. खटका बंद दिसतो, पण गुंडाळीत करंट अजून फिरतो आहे. त्याच वेळी क्लिप ओढली, तर डायोडची वाट तुटते आणि धक्का जसाच्या तसा बसतो.

किती थांबायचे? समजा, मोठ्या रोहित्राची गुंडाळी १० हेन्रीची आहे आणि करंट फिरण्याच्या वाटेत अर्धा ओहम रोध आहे. १० भागिले अर्धा म्हणजे २० सेकंद. दर २० सेकंदांनी करंट आधीच्या साधारण ३७ टक्क्यांवर येतो. पाच वेळा २०, म्हणजे १०० सेकंदांनी तो एक टक्क्याच्या खाली जातो. म्हणून दोन मिनिटे घड्याळ लावून थांबावे. सुरुवातीला करंट ५ अँपिअर असेल, तर त्या गुंडाळीत १२५ जूल ऊर्जा साठलेली असते. म्हणजे पावणेतेरा किलोचे ओझे एक मीटरवरून पडल्यावर जेवढे लागेल, जवळजवळ तेवढी. मोटारीची गुंडाळी याहून फार लहान असते, तिला काही सेकंद पुरतात. पण थांबण्याची सवय दोन्हीकडे सारखीच हवी.

रोध मोजताना मीटर आधी काढा

गुंडाळीचा रोध मोजण्यासाठी काही जण डीसी करंट सोडतात आणि गुंडाळीवर किती व्होल्ट पडतात ते मीटरने बघतात. यात क्रम फार महत्त्वाचा. आधी करंट चालू करायचा, तो स्थिर होऊ द्यायचा, मग व्होल्ट-मीटरच्या वायरी लावून आकडा घ्यायचा. सोडताना याच्या बरोब्बर उलट. आधी व्होल्ट-मीटरच्या वायरी काढा, मग करंट शून्यावर आणा, मग खटका बंद करा, मग थांबा आणि शेवटी करंटच्या क्लिपा काढा. मीटर तसाच ठेवून करंट तोडला, तर धक्का मीटरमध्ये जातो आणि मीटर जळतो. "मीटरच हलक्या कंपनीचा" म्हणून कंपनीला नावे ठेवली जातात. चूक कंपनीची नसते, क्रमाची असते.

दुकानात डिमरस्टॅटवर मोटार किंवा लहान ट्रान्सफॉर्मर चालवून बघतात, तिथेही तेच. मूठ फिरवून व्होल्टेज शून्यावर आणा, मोटार पूर्ण थांबू द्या, मग खटका बंद करा. भर २३० किंवा ४१५ व्होल्टवर वायर ओढू नका. मिक्सर, ड्रिलचे आर्मेचर ग्राउलरवर तपासताना आधी आर्मेचर ठेवा, मग खटका दाबा. काढताना आधी खटका बंद, मग आर्मेचर उचला. रिकामा ग्राउलर चालू राहिला, तर त्याची स्वतःची गुंडाळी जास्त करंट ओढून तापते.

मेगर लावल्यानंतर

मोटारीचे इन्सुलेशन चांगले आहे का, हे मेगरने बघतात. लो टेन्शन मोटारीला साधारण ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावतात. इथे साठा होतो तो वेगळ्या तऱ्हेने. गुंडाळी आणि बॉडी यांच्यामध्ये, तसेच बोअरमध्ये सोडलेल्या लांब केबलमध्ये, घागरीत पाणी भरावे तसा विजेचा भार भरून राहतो. मेगर फिरवायचे थांबवले तरी तो भार राहू शकतो. म्हणून मेगरच्या वायरी लगेच ओढू नका. नव्या डिजिटल मेगरमध्ये भार उतरवण्याची सोय असते. आकडा शून्यावर येईपर्यंत वायरी तशाच ठेवा. जुन्या हँडलच्या मेगरनंतर इन्सुलेशन असलेली एक वायर आधी अर्थला जोडा, मग तिचे दुसरे टोक गुंडाळीला टेकवून काही मिनिटे धरा. उलट क्रम नको, नाहीतर वायर हातात असताना भार तुमच्यातून उतरेल.

डीपीला हात नको

आता सर्वांत महत्त्वाचे. 'डीपीची कॉइल गेली की काय' म्हणून बॅटरी किंवा टेस्ट लॅम्प घेऊन स्वतः खांबावर चढणारे हौशी गावोगाव आहेत. लाइनवर ११ हजार व्होल्ट असतात, हे तर सगळ्यांना माहीत. पण लाइन पूर्ण बंद असताना, नुसत्या बॅटरीनेही डीपी जिवावर बेतू शकते, हे थोड्यांना माहीत.

हिशोब बघा. आपल्या डीपीत ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट होतात. एका फेजपुरते बघितले, तर ११ हजाराला २५० व्होल्ट, म्हणजे वेढ्यांचे प्रमाण ४४ पट. खालच्या बाजूला बॅटरी लावून काढली आणि तिथे नुसता १०० व्होल्टचा धक्का उमटला, तर वरच्या बुशिंगवर त्याच क्षणी ४,४०० व्होल्टपर्यंत धक्का उठू शकतो. वर बसलेल्या माणसाचा हात तिथे असला तर? म्हणूनच जाणते परीक्षक अशा परीक्षेत बॅटरी नेहमी जास्त व्होल्टच्या बाजूला लावतात आणि मीटर कमी व्होल्टच्या बाजूला. त्यात धक्का वाढण्याऐवजी घटतो.

हे वाचून कुणी प्रयोग करू नये. डीपी तपासणे हे वीज कंपनीचे काम आहे. पूर्वी ते वीज मंडळाकडे होते, २००५ पासून महावितरणकडे आहे. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तिचा नंबर लिहून घ्या आणि वाट बघा. पिके वाळत असताना वाट बघणे सोपे नाही, हे मी जाणतो. पण पीक पुढच्या हंगामातही घेता येते.

उपसा सिंचन योजनांच्या पॅनलवर अँपिअर मीटर सीटीवरून चालतो. मोटार चालू असताना त्या मीटरच्या वायरी कधीही सोडू नका. सीटीची ती बाजू उघडी पडली, की तिथे धोक्याचा व्होल्टेज उभा राहतो आणि सीटीही जळतो. लोड बंद करा. ते शक्यच नसेल, तर जाणत्या माणसाने सीटीची टोके आधी आपसात जोडून घ्यावीत, मगच मीटर काढावा. नुसता करंट बघायचा असेल, तर क्लॅम्प मीटर वापरा. त्यात कुठली वायर सोडावीच लागत नाही.

सौर पंपवाल्यांनो, जरा इकडे

पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली आणि शेतात सौर पंप दिसू लागले. या पंपांना 'लाइट नाही' अशी वेळ दिवसा नसतेच. ऊन आहे तोवर पॅनलमधून काहीशे व्होल्टचा डीसी येतच असतो. आपली नेहमीची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून वायर तोडताना उडालेली ठिणगी विझायला मदत होते. डीसीत ती सोय नाही. चालू पंपाचा प्लग ओढला, तर ठिणगीची ज्योत होते आणि ती टिकते. म्हणून आधी कंट्रोलरवरून पंप बंद करा, मग डीसी खटका बंद करा, मग कंट्रोलरच्या पेटीवर लिहिले असेल तितकी मिनिटे थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये भार असतो. त्यानंतर डीसी मीटरने तपासून मगच पेटी उघडा.

मोटारीला कपॅसिटर जोडलेला असेल, किंवा पाइपातले पाणी मागे उतरून पंप उलटा फिरत असेल, तर मोटार बंद केल्यावरही टोकांवर व्होल्टेज असू शकतो. फिरणे पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नका.

सरपंच आणि ग्रामपंचायतीसाठी

गावच्या नळपाणी योजनेची मोटार बिघडली, की सारे गाव पंपघरापाशी गोळा होते आणि "लवकर करा, लवकर करा" म्हणून मिस्त्रीला हैराण करते. घाईत क्रम चुकतो. म्हणून ग्रामपंचायतीने चार गोष्टी कराव्यात, खर्च फारसा नाही.

- पंपघरात पाटी लावा : 'खटका बंद – थांबा – तपासा – मग क्लिप काढा.'
- काम चालू असताना मेन स्विचला कुलूप घाला. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी.
- तपासणीच्या वेळी मिस्त्रीसोबत दुसरा माणूस असलाच पाहिजे. एकट्याने काम नको.
- रबरी हातमोजे, कोरडी लाकडी फळी, क्लॅम्प मीटर आणि मूठ असलेल्या क्लिपा यांची एक पेटी पंपघरात ठेवा.

कुणाला शॉक लागलाच, तर आधी वीज तोडा. तेवढा वेळ नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. लो टेन्शन मोटारीपुरते हे चालेल. ११ हजाराच्या लाइनजवळ मात्र लाकूड घेऊनही जाऊ नका, आधी लाइन बंद करून घ्या. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. आणि शॉक लागून माणूस उठून बसला, 'काही झालं नाही' म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन दाखवा. हृदयाची गडबड मागाहूनही कळते.

आमचे मिस्त्री दुसऱ्या दिवशी परत आले. या वेळी बॅटरीच्या वायरीत खटका होता, क्लिपांना मुठी होत्या आणि मोटार विहिरीपासून दहा पावले लांब, आंब्याच्या सावलीत घेतली होती. खटका सोडायच्या आधी त्यांनीच आवाज दिला, "तात्या, हात काढा!" अर्ध्या तासात सहाही टोके सापडली आणि संध्याकाळी उसाला पाणी लागले.

मेन बंद केला म्हणजे वीज संपली, असे धरून चालू नका, बंधूंनो. गुंडाळीत थोडी वीज मागे राहते. तिला जायला वाट द्या, थोडा वेळ द्या आणि मगच हात लावा.